काजळाच्या नळ्या धुऊ नका

प्राचीन इजिप्तमधली काजळाची नळी हातात घेतली तर वीतभरही भरत नाही. जाडी बोटाएवढी, रंग मोरपिशी निळा किंवा हिरवा, कधी अंगावर काळ्या रेघांनी काढलेली राजाराणीची नावे. जगातल्या बहुतेक मोठ्या संग्रहालयांत अशा नळ्या आहेत, आणि त्यांच्या आधीच्या काळातल्या बसक्या काजळडब्याही. त्यांच्याबद्दल जे लिहिले जाते ते झिलईविषयी, निळाईविषयी, नावांविषयी. आत काय होते आणि वस्तू नेमकी कुठे सापडली, हे दोन रकाने मात्र फार वेळा कोरे असतात. पहिला कोरा राहतो कारण कोणीतरी कधीतरी नळी आतून घासून धुतली. दुसरा कोरा राहतो कारण घेणाऱ्याने विचारले नाही आणि विकणाऱ्याने सांगितले नाही.

या दोन्ही सवयी मोडल्या पाहिजेत, आणि त्या संग्रहालयांच्या लेखी नियमांतूनच मोडता येतील. काजळपात्राच्या तळाशी चिकटलेला चिमूटभर काळा थर हा पात्राइतकाच जपायचा ऐवज मानावा. सापडल्याचे ठिकाण सांगता येत नसेल तर ते पात्र विकत किंवा देणगी म्हणूनही घेऊ नये. हे अतिरेकी वाटत असेल, तर आधी ही वस्तू कशी घडते ते पाहावे लागेल, कारण पुराव्याची जागा तिच्या घडणीतच ठरलेली आहे.

या पदार्थाला आज फायान्स म्हणतात. हे नाव इटलीतल्या फाएन्झा गावच्या, अगदी वेगळ्या जातीच्या मातकामावरून पडले आणि गैरसमज करून देते. इजिप्शियन लोक त्याला 'त्येहेनेत' म्हणत, म्हणजे झळाळणारे. त्यात चिकणमाती जवळजवळ नसते. गारगोटीची पूड किंवा दळलेली वाळू हा त्याचा गाभा. सिलिका ९२ ते ९९ टक्के, चुना १ ते ५ टक्के, सोडा फार तर ५ टक्के. सोडा येतो नेट्रॉनमधून किंवा वनस्पतींच्या राखेतून. नेट्रॉन म्हणजे सुकलेल्या खाऱ्या तळ्यांच्या काठचा खार. लोणारच्या सरोवरातून पूर्वी जो खार काढत, तो साधारण याच जातीचा, त्यामुळे मराठी वाचकाला हा पदार्थ परका वाटू नये.

माती नसल्यामुळे हा गोळा कुंभाराच्या हाताला भलताच वाटतो. मळायला घेतला की आधी घट्ट लागतो, दाब दिला की एकदम ढिला पडून पसरतो, आणि वाकवायला गेले की कडांना तडे जातात. म्हणून तो चाकावर ओढून उंच करणे फार अवघड. मणी, ताईत, अंगठ्या साच्यात दाबून करत; इजिप्तमधल्या अमार्ना इथल्या १८९१-९२ च्या उत्खननात ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ फ्लिंडर्स पेट्रीला असे मातीचे साचे हजारोंनी मिळाले. नळी करायची तर काडीसारख्या गाभ्याभोवती गोळा बसवायचा, बाहेरून गुळगुळीत करायचा आणि गाभा काढून घ्यायचा किंवा भट्टीत जळू द्यायचा. आकार बोरूचा. ते साहजिकच आहे, कारण खरा बोरू कापून त्यातच काजळ भरण्याची पद्धत होती, आणि फायान्सची नळी हे त्या बोरूचे झळाळते रूप.

झिलई चढवण्याच्या तीन रीती. पहिलीत खार आणि तांब्याचे संयुग गोळ्यातच मिसळलेले असते. वस्तू वाळू लागली की पाण्याबरोबर खारही पृष्ठभागाकडे येतो आणि वर पांढरट साय धरतो. ८०० ते १००० अंश सेल्सिअसच्या दरम्यान भाजले की ही साय सिलिकासह वितळून काच होते. दुसऱ्या रीतीत सुकलेली वस्तू झिलईच्या कोरड्या मिश्रणात पुरून भाजतात. इराणमधल्या कोम शहरी गाढवांच्या गळ्यात बांधायचे निळे मणी विसाव्या शतकातही असेच होत होते, आणि १९६० च्या दशकात ती कृती नोंदवली गेली. तिसरी रीत म्हणजे पातळ लेप लावून भाजणे. प्रत्यक्षात एकाच वस्तूवर दोन रीती एकत्र आलेल्याही दिसतात.

प्रत्येक रीत आपली खूण मागे ठेवते. लेपाच्या झिलईला खाली ओघळ येतात आणि कडेला जाड थेंब गोठतो. पुरून भाजलेल्या वस्तूवर झिलई सगळीकडे सारखी, टेकल्याची जागा सापडत नाही. आतून वर येणाऱ्या खाराच्या रीतीत झिलई वाऱ्याच्या हिशेबाने बसते. तोंडाची कड आणि बाहेरचा फुगवटा लवकर सुकतो, तिथे ती जाड. जिथे वस्तू टेकवून ठेवली होती तिथे ती पातळ किंवा अजिबात नाही. सुकताना बोट लागले तर साय पुसली जाते आणि भाजल्यावर त्या जागी बोडका डाग उरतो.

नळीची आतली पोकळी अरुंद असते. तिथे हवा खेळत नाही, म्हणून खार वर येत नाही आणि झिलई बहुधा धरतच नाही. म्हणजे काजळ ज्या भिंतीला टेकून राहते ती काच नसते; ती भाजलेल्या गारगोटीच्या पुडीची, बारीक छिद्रांची, शोषून घेणारी भिंत असते. काजळातले तेल, चरबी, मेण त्या भिंतीत मुरते. बाहेरून काचेसारखी दिसणारी नळी आतून टिपकागदासारखी असते. बशी धुवावी तसे तिला धुणारा माणूस पुराव्याचा अर्धा भाग पाण्यात सोडतो आणि उरलेल्या अर्ध्यात नळाच्या पाण्यातले क्षार आणि साबण भरून ठेवतो.

शंखजिऱ्याच्या झिलईदार डब्यांची गोष्ट थोडी वेगळी. शंखजिरे नखाने ओरखडेल इतके मऊ, त्यामुळे कोरायला सोपे. झिलईसाठी भाजले की त्याचे खनिजच बदलते आणि दगड कमालीचा कठीण होतो. इसवी सनापूर्वी ४००० च्या आसपासच्या बदारी संस्कृतीतले झिलईदार शंखजिऱ्याचे मणी मिळालेले आहेत. काजळडब्या पुष्कळ नंतरच्या.

आकारांवरून काळही कळतो. मध्य राज्याच्या काळात, म्हणजे इ.स.पू. २०३० ते १६५० च्या सुमारास, बसकी डबी चालत असे. तोंडाला रुंद सपाट कड, वर चकतीसारखे झाकण. बाहेरून लिंबा-संत्र्याएवढी दिसते, पण आतली पोकळी बोट जेमतेम जाईल एवढीच. नव्या राज्यात, साधारण इ.स.पू. १५५० नंतर, नळी आली. राजा अमेनहोतेप तिसरा आणि राणी तिये यांची नावे असलेल्या फायान्सच्या नळ्या प्रसिद्ध आहेत. दोन, तीन, चार नळ्या एकत्र जोडलेली पात्रेही होती, आणि काहींवर कोणते काजळ कोणत्या ऋतूत घालायचे हेसुद्धा लिहिलेले आहे. ज्या समाजाने नील नदीच्या पुराच्या दिवसांसाठी डोळ्यात वेगळे काजळ घातले, त्या समाजाविषयी आपल्याला काही कळायचे असेल तर ते नळीच्या आत आहे.

आणि आत काय होते, याबद्दल बराच काळ चुकीचे सांगितले गेले. जुन्या पुस्तकांत इजिप्शियन काजळ म्हणजे अँटिमनी असे सर्रास लिहिलेले सापडते. नमुने खरोखर तपासले तेव्हा अँटिमनीचे काजळ अपवादानेच निघाले. काळ्या काजळात बहुतेक वेळा गॅलेना होते, म्हणजे शिशाचे चकचकीत खनिज. ही चूक आपल्याही दारात आली आहे. भारतातल्या उत्खनन-अहवालांत डोळ्यात काजळ घालण्याच्या तांब्याच्या बारीक सळयांना 'अँटिमनी रॉड' म्हणण्याचा प्रघात आहे. सळईच्या टोकावर अँटिमनी आहे की नाही हे पाहून ते नाव दिलेले नसते; नाव आधी आणि तपासणी नंतर, पुष्कळदा कधीच नाही. मराठीत अंजनशलाका हा सरळ शब्द आहे. तो कुठल्याही मूलद्रव्याचा दावा करत नाही, म्हणून तोच वापरावा.

इजिप्शियन भाषेत काळ्या काजळाला 'मेसदेमेत' आणि हिरव्याला 'वाजू' म्हणत. हिरवे मॅलॅकाइटचे, म्हणजे तांब्याच्या खनिजाचे, आणि जास्त जुने. गॅलेना लाल समुद्राच्या काठच्या गेबेल झेइत इथल्या खाणींतून येई. तिथले उत्खनन फ्रेंच पथकाने १९८० च्या दशकात केले. बेनी हसन इथे ख्नुमहोतेप दुसरा याच्या थडग्याच्या भिंतीवर परदेशी लोकांचा एक तांडा रंगवला आहे. त्यावरच्या मजकुरात राजा सेनुस्रेत दुसरा याचे सहावे वर्ष, माणसांची संख्या ३७, आणि ते मेसदेमेत घेऊन आले आहेत असे लिहिले आहे. एका डोळ्याच्या काजळासाठी खाण, वाळवंट, समुद्रकाठ आणि सरहद्दीपलीकडची माणसे अशी एवढी मोठी साखळी होती.

१९९९ मध्ये फिलिप वॉल्टर आणि सहकाऱ्यांनी पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातल्या पात्रांतले काजळ तपासून निष्कर्ष प्रसिद्ध केले. गॅलेना आणि सेरुसाइट, म्हणजे शिशाचा कार्बोनेट, अपेक्षितच होते. पण सोबत लॉरियोनाइट आणि फॉस्जेनाइट ही शिशाची दोन क्लोराइडयुक्त संयुगे मिळाली, जी इजिप्तमध्ये निसर्गात इतक्या प्रमाणात मिळत नाहीत. म्हणजे ती कोणीतरी बनवली. कृती अशी: मुरदाडशिंग, म्हणजे शिशाचा ऑक्साइड, बारीक वाटायचा, सैंधवासारखे खनिज मीठ घालून कोमट पाण्यात ढवळायचा, निवळी टाकून ताजे मीठपाणी घालायचे, आणि हे रोज, कित्येक आठवडे. निवळी टाकली नाही तर पाणी अल्कधर्मी होत जाते आणि हवे ते संयुग बनत नाही. प्लिनी आणि डायोस्कोरिडीझ या रोमन काळातल्या लेखकांनी पुढे दोन हजार वर्षांनी शिशाची अशीच धुण्याची कृती लिहून ठेवली आहे. इजिप्शियन कारागिराची चिकाटी आणि ओल्या रसायनशास्त्राचे ज्ञान यांचा हा पुरावा काही मिलिग्रॅम पुडीतून निघाला. ती पूड कोणी धुऊन टाकली असती तर?

मात्र याच अभ्यासाची दुसरी बाजू लक्षात घेतली पाहिजे. लूव्रचा इजिप्शियन संग्रह मोठ्या प्रमाणात खरेदीतून उभा राहिला. १८२६ मध्ये इजिप्तमधला ब्रिटिश वकील हेन्री सॉल्टचा संग्रह आला, १८२७ मध्ये फ्रेंच वकील द्रोवेत्तीचा. अशा खरेदीत वस्तू येते, तिचे थडगे येत नाही. ते काजळ राजवाड्यातले की गावातले, बाईच्या पायाशी ठेवलेले की पुरुषाच्या, नीलेच्या दक्षिण टोकाचे की मुखाजवळचे, हे प्रश्न अशा नळीला विचारताच येत नाहीत. त्यामुळे 'इजिप्शियन काजळ म्हणजे शिसे' हे विधान साऱ्या देशाला आणि तीन हजार वर्षांना लागू झाले.

२०२२ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या पेट्री संग्रहालयातल्या ११ पात्रांचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि ते विधान डळमळले. हा संग्रह मुख्यतः उत्खननातून आलेला आहे. खनिजे आणि सेंद्रिय पदार्थ दोन्ही एकाच नमुन्यात तपासले गेले. शिसे होते, पण सगळीकडे नव्हते. काही काजळे मँगनीजची, काही सिलिकाची, आणि वनस्पतींची तेले, प्राण्यांची चरबी, मधमाश्यांचे मेण यांवर उभी असलेलीही होती. पाककृती एक नव्हती, अनेक होत्या. अकराच पात्रे, पण ती न धुतलेली आणि बरीचशी ठिकाण माहीत असलेली, म्हणून ती शेकडो चकचकीत नळ्यांपेक्षा जास्त बोलली. आमचा सगळा युक्तिवाद या एका उदाहरणावर उभा करायला हरकत नाही.

आता धुण्याकडे. विक्रेते धुतात कारण स्वच्छ नळीला जास्त भाव येतो. संग्रहालयेही धूत आली, त्यामागे एक खरे कारण होते: इजिप्तच्या मातीतल्या वस्तूत क्षार मुरलेले असतात. हवेतला दमटपणा वाढला की ते विरघळतात, कमी झाला की स्फटिक होऊन झिलईच्या खालून फुगतात, आणि झिलई पापुद्र्यांनी सुटते. म्हणून वस्तू दिवसेंदिवस पाण्यात बुडवून क्षार काढत. पण फायान्सचा गाभा ठिसूळ असतो. जिथे भाजणी कच्ची राहिली तिथे तो पाण्यात चुरा होऊ लागतो. झिलईतला खार आधीच झिजलेला असेल तर तिची निळाई आणखी फिकट, मातकट होते. सुटू पाहणाऱ्या झिलईवर मग मेण किंवा सेल्युलोजचे जुने लेप चढवले गेले. ते पिवळे पडतात आणि सेंद्रिय तपासणीत चुकीचे संकेत देतात. इलाज पाण्यात नाही, हवेत आहे. आर्द्रता स्थिर ठेवली, कपाटात चढउतार होऊ दिले नाहीत, तर क्षार जागच्या जागी राहतात.

आतल्या थराला हात लावण्याआधी पुष्कळ काही न खरवडता कळते. क्ष-किरण चित्र काढले तर गॅलेना त्याच्या प्रचंड घनतेमुळे पांढराशुभ्र दिसतो. गारगोटी साधारण २.६५ घनतेची, गॅलेना सुमारे ७.५, त्यामुळे नळीत थर किती उंच आहे, एकदा भरला की दोनदा, सळईचा तुकडा आत मोडून राहिला आहे का, हे चित्रात दिसते. हातात धरायचे, मूलद्रव्ये ओळखणारे क्ष-किरण प्रतिदीप्ती यंत्र मात्र जपून वापरावे. ते बाहेरून लावले तर बहुतांशी झिलईचीच माहिती देते. नव्या राज्यातल्या पिवळ्या झिलईत शिसे आणि अँटिमनी दोन्ही असतात. यंत्राने शिसे दाखवले म्हणून आत गॅलेना आहे असे लिहिणे ही सरळ चूक, आणि ती होते. निळ्या झिलईत तांब्याबरोबर कथील दिसले तर त्याचा अर्थ वेगळाच: रंगासाठी काशाची मोड किंवा पोपडे वापरले असावेत. ती माहिती कारागिराच्या दुकानाची, काजळाची नव्हे.

नमुना घ्यावाच लागला तर काही मिलिग्रॅम पुरतात. घेण्याआधी थराचे छायाचित्र आणि उंचीचे माप. खालचा आणि वरचा थर वेगळा, कारण वरच्यात धूळ मिसळलेली असते. अर्ध्याहून अधिक थर पुढच्या पिढीच्या यंत्रांसाठी न हलवता सोडायचा. भाजून निर्जंतुक केलेली काचेची कुपी किंवा ॲल्युमिनियमचा कागद वापरावा. प्लॅस्टिकची पिशवी नको, कारण प्लॅस्टिकमधले मऊपणा आणणारे पदार्थ नमुन्यात उतरतात आणि तपासणीत तेलांच्या शेजारी येऊन बसतात. उघड्या बोटांची चरबीही तशीच. त्वचेतले स्क्वालीन आणि कोलेस्टेरॉल प्राचीन चरबी म्हणून गणले जाण्याचा धोका असतो. शेजारच्या कोऱ्या जागेचा आणि साठवणीच्या पेटीचाही नमुना तुलनेला घ्यावा. ही सगळी काळजी घेणे महाग नाही. न घेतल्यास तपासणी फुकट जाते आणि थर कमी होतो, ते महाग पडते.

यावर संग्रहालयांतूनच एक आक्षेप येतो: काहीही खरवडू नये, वस्तू अखंड ठेवावी. तो गंभीर आहे. पण अखंडतेचा आग्रह धरणाऱ्यांनी त्याच न्यायाने आतून घासलेल्या नळीला जखमी वस्तू म्हटले पाहिजे आणि तशी नोंद केली पाहिजे. आज नोंदीत 'उत्तम स्थिती' असे लिहिलेल्या पुष्कळ नळ्या पुराव्याच्या दृष्टीने रिकाम्या आहेत. काळा थर असलेली, कडेला टवका उडालेली नळी अभ्यासकाला अधिक मोलाची असते, आणि संग्रहालयाच्या विम्यात ती कमी किमतीची लागते. किमतीचा हा क्रम उलटा आहे.

दुसरा मुद्दा ठिकाणाचा. इजिप्तमध्ये १९१२ च्या कायद्याखाली परवानाधारक व्यापार चालत होता आणि उत्खननातल्या वस्तूंची इजिप्त आणि उत्खनन करणारे पथक यांच्यात वाटणीही होई. १९८३ च्या ११७ क्रमांकाच्या कायद्याने व्यापार बंद झाला, वाटणीची जुनी पद्धतही संपली. म्हणजे आज बाजारात आलेल्या प्रत्येक खऱ्या नळीला तेव्हापूर्वी देशाबाहेर पडल्याचा कागद हवा. पुष्कळ संग्रहालये युनेस्कोच्या कराराचे १९७० हे वर्ष सीमा मानतात; ते अधिक कडक आणि अधिक योग्य. 'जुन्या युरोपीय संग्रहातून' हे तीन शब्द कागद नव्हेत. नाव, गाव, वर्ष, जुनी यादी किंवा छायाचित्र, पावती यांपैकी काही नसेल तर त्या शब्दांचा अर्थ 'माहीत नाही' एवढाच होतो.

लहान वस्तूंना कशाला एवढा कडक नियम, त्या तर हजारोंनी आहेत, असे म्हणणारे भेटतात. उलट लहान वस्तूंनाच जास्त हवा. मोठा पुतळा लपवायला ट्रक लागतो, नळी खिशात बसते. २०११ मधल्या इजिप्तच्या उठावानंतर दाहशूर, अबुसिर अल-मलेक अशा ठिकाणी चोरट्या खड्ड्यांनी जमीन चाळणीसारखी झाली. त्या खड्ड्यांतून निघालेले मोठे शिल्प कधी तरी पकडले जाते; मणी, ताईत, काजळनळ्या ओळखू येत नाहीत. एका नळीसाठी उकरलेल्या थडग्यात हाडे फेकली जातात, मडकी फुटतात, कापडाचा भुगा होतो. नळी थोडक्या किमतीत जाते आणि तिच्या भोवतालचे सगळे थडगे त्या किमतीत फुकट जाते. शिवाय ठिकाण न विचारणारा बाजार नकली वस्तूलाही तितकाच सोयीचा. जुन्या पद्धतीने फायान्स करणे आजही शक्य आहे. गोळा तोच, खार तोच, तांबे तेच.

ठिकाण माहीत असलेल्या वस्तूंचेही काही खरे नसते, हे २०१४ मध्ये दिसले. हरागेह इथे १९१३-१४ मध्ये ब्रिटिश पथकाने केलेल्या उत्खननातला, मध्य राज्यातल्या एका थडग्याचा ऐवज अमेरिकेतल्या सेंट लुइसच्या पुरातत्त्व संस्थेला देणगीच्या बदल्यात मिळाला होता. त्यात पांढऱ्या चकचकीत दगडाची प्रसाधनपात्रेही होती. शंभर वर्षांनी संस्थेने तो लंडनच्या लिलावात काढला. अभ्यासकांनी आवाज उठवला आणि शेवटी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने तो एकत्र विकत घेतला. तसे झाले नसते तर एकाच थडग्यातली पात्रे वेगवेगळ्या दिवाणखान्यांत गेली असती. सार्वजनिक पैशाने किंवा सार्वजनिक विश्वासावर मिळालेला उत्खननाचा ऐवज विकता येणार नाही, हा नियम देणगी स्वीकारतानाच लेखी हवा. नंतर आंदोलन करून वाचवणे दर वेळी जमत नाही.

परत करण्याचा प्रश्न याला जोडूनच येतो. १९८३ नंतर चोरून बाहेर गेल्याचे सिद्ध झाले तर वस्तू इजिप्तला परत द्यावी, त्यात वाटाघाटीला जागा नसावी. वाटणीत कायदेशीर गेलेल्या वस्तूंबाबत मात्र आमचा आग्रह वेगळ्या गोष्टीचा आहे. इजिप्तमधून नमुने तपासणीला बाहेर नेण्यास आज परवानगी नाही, आणि ते धोरण समजण्यासारखे आहे. त्यामुळे तिथे नव्याने सापडणारे काजळ तिथेच तपासावे लागते, आणि परदेशातल्या जुन्या संग्रहातले काजळ परदेशी प्रयोगशाळांत. हे दोन हिशेब एकमेकांना जोडलेले नाहीत. गिझाच्या मोठ्या संग्रहालयाशी जोडलेले संवर्धन केंद्र आहे, कैरोत प्रयोगशाळा आहेत. युरोप-अमेरिकेतल्या संग्रहालयांनी आपल्या प्रत्येक काजळपात्राची तपासणी, मूळ आलेख, उत्खननाच्या वह्यांची पाने यांसह इजिप्शियन सहकाऱ्यांच्या हाती खुली ठेवावी, आणि अभ्यासाच्या आखणीत त्यांना पहिल्या दिवसापासून घ्यावे. जगभर विखुरलेल्या पात्रांचे काजळ एकाच यादीत आल्याशिवाय कोणत्या काळी, कोणत्या गावी, कोणाच्या डोळ्यात काय होते, हे कळणार नाही.

काजळाच्या अभ्यासाचा आपल्याकडे एक दुरुपयोग होतो, त्याबद्दलही बोलले पाहिजे. २०१० मध्ये असे दाखवले गेले की शिशाच्या क्लोराइडचे अत्यल्प प्रमाण त्वचेच्या पेशींना दिले असता नायट्रिक ऑक्साइडचे उत्पादन २४० टक्क्यांपर्यंत वाढते, आणि त्यामुळे रोगप्रतिकाराला मदत होऊ शकते. हा प्रयोग बशीतल्या पेशींवर होता. त्याचा आधार घेऊन 'शिशाचा सुरमा डोळ्यांना चांगला, इजिप्तच्या लोकांना माहीत होते' असे सांगून विकणे धोक्याचे आहे. शिशाचे सुरक्षित प्रमाण असे काही नाही, हे जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि लहान मुलाचे बोट डोळ्याकडून तोंडाकडे जायला वेळ लागत नाही. घरात तुपाच्या किंवा एरंडेलाच्या दिव्यावर धरलेली काजळी हा कार्बन. दगड कुटून केलेला सुरमा पुष्कळदा गॅलेनाच. दोन्ही काळेच, पण पदार्थ वेगळे. २०२२ च्या अभ्यासात शिसे नसलेली काजळे निघाली, त्यामुळे 'सगळे प्राचीन लोक शिसेच घालत' हा आधारही उरत नाही. बाळाच्या डोळ्यात बाजारातला सुरमा घालू नये.

संग्रहालयाच्या पाटीवर काय लिहावे, हे आता अगदी नेमके सांगता येते. 'काजळनळी, फायान्स, इजिप्त' एवढे पुरेसे नाही. 'आत: तळापासून दोन सेंटिमीटर काळा थर, तपासलेला नाही' असे लिहावे, किंवा 'आतून धुतलेली, केव्हा ते नोंदलेले नाही'. 'ठिकाण: अज्ञात, अमुक वर्षी अमुक व्यापाऱ्याकडून विकत' असे लिहायला लाज वाटण्याचे कारण नाही, ते लपवण्यात आहे. पाहणाऱ्याला ही वाक्ये निळाईइतकीच खेचून घेतील. थर नुसता दिसावा म्हणून नळीशेजारी तिचे क्ष-किरण चित्र लावले, तर शाळेतल्या मुलालाही पांढऱ्या गॅलेनाचा गोळा बोटाने दाखवता येईल.

आणि नळी उलटी करून पाहावी. जुने उत्खननकार वस्तूच्या बुडाशी, झिलई न धरलेल्या जागेवर, काळ्या शाईने जागेची खूण आणि थडग्याचा क्रमांक लिहीत. अशा खुणांवरून जगभर पांगलेल्या वस्तूंची मूळ थडगी ब्रिटनमधल्या अभ्यासकांनी पुन्हा जुळवली आहेत. त्या शाईला पाणी आणि कापसाचा बोळा पुरेसा असतो. नळी साफ करायला घेणाऱ्याच्या हाताखाली आतला काळा थर असतो आणि बाहेर ही दोन-तीन अक्षरे, आणि दोन्ही एकाच दुपारी जातात.